कुंपणच शेत खाते तेव्हा

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'कापूस व ज्वारीचा हंगाम' असा विषय छापला आहे. विषय तोच आहे. पण आज मी बोंडअळीवर बोलणार नाही आणि भावावरही बोलणार नाही. मी बोलणार आहे छातीवर. समोर बसलेल्यांपैकी किती जणांना मळणीच्या दिवसांत खोकला येतो, हात वर करा पाहू. बघा, निम्मा मांडव वर झाला. आता, त्या खोकल्यासाठी डॉक्टरकडे किती जण गेले? चार हात. आणि त्या चौघांना डॉक्टरने 'तुम्ही काम काय करता' हे विचारले का? एकही हात नाही.

माझे भाषण या शेवटच्या प्रश्नाबद्दल आहे.

मी डॉक्टर नाही, शेतकी शिकलेला माणूस आहे. पण हा विषय माझ्या घरात घडला, म्हणून मी तो वाचून काढला आणि छातीच्या डॉक्टरांना विचारून समजून घेतला. मी कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होतो. त्या साली परतीचा पाऊस लांबला आणि आमचा कडबा शेतातच भिजला. वडिलांनी तो तसाच आणून गोठ्याच्या माळ्यावर रचला. पौष-माघात गंजी फोडली की आतून गरम वाफ यायची आणि पांढरी भुकटी उडायची. सकाळी जनावरांना वैरण घातली की दुपार कलेपर्यंत वडिलांना थंडी वाजून ताप यायचा, छाती भरून यायची, कोरडा खोकला लागायचा. दुसऱ्या दिवशी बरे वाटायचे. गावातल्या दवाखान्यात हिवतापाच्या गोळ्या मिळाल्या. पुढच्या वर्षी तालुक्याला क्षय म्हणून सहा महिने औषध झाले, थुंकीत जंतू सापडला नसताना. वडील दरवर्षी थोडे थोडे खचत गेले. बारा वर्षांनी एका डॉक्टरने छातीचा सिटी स्कॅन बघितला आणि विचारले, "गुरे किती आहेत? कडबा कुठे ठेवता?" तोवर फुप्फुसाची चोपण जमीन झाली होती. २०११ साली ते गेले.

मला बोचते ते वेगळेच आहे. ज्या सूक्ष्म जंतूंनी हे केले, ते मी त्याच वर्षी वर्गात शिकत होतो. ॲक्टिनोमायसिटीस. कंपोस्टच्या ढिगात उष्णता वाढली की वाढणारे, काडीकचरा कुजवणारे, शेतकऱ्याचे मित्र. परीक्षेत मी त्यांच्यावर उत्तर लिहिले, गुण मिळवले. तेच जंतू आमच्या माळ्यावर वडिलांच्या छातीत जात होते हे मला कोणी शिकवले नाही, आणि मीही विचारले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. फुप्फुस हे आतून एक शेतच आहे. श्वासनळीला फाटे फुटत फुटत शेवटी हवेचे बारीक फुगे लागतात, तीस ते पन्नास कोटी. ते सारे उलगडून पसरले तर पाऊण गुंठ्याच्या आसपास जागा भरेल. आणि त्यांची भिंत इतकी पातळ की पलीकडचे रक्त आणि अलीकडची हवा यांत जेमतेम पडदाच असतो. त्या पाऊण गुंठ्यावरून रोज दहा हजार लिटरच्या पुढे हवा जाते, आणि हवेबरोबर धूळ, धूर, जंतू, बुरशी. धुळीचा जाड कण नाकात आणि घशात अडतो. श्वासनळीत अडलेला कण कफात चिकटतो आणि बारीक केसांच्या लाटेवर वर ढकलला जातो. पण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण थेट फुग्यापर्यंत पोहोचतो. तिथे कफ नाही, केसही नाहीत. तिथे असतो राखणदार.

या राखणदाराचे नाव मॅक्रोफेज, म्हणजे मोठी भक्षक पेशी. ती फुग्याच्या भिंतीवर फिरत असते. कण दिसला की गिळते. जंतू असला तर मारते, धूळ असली तर पोटात घालून बाजूला होते. शहाणा राखणदार जसा प्रत्येक पाखरामागे बोंबलत नाही, तशी ही पेशी साध्या धुळीसाठी आरडाओरडा करत नाही. आटोक्याबाहेर गेले तरच ती हाक मारते. मग रक्तातून दुसऱ्या पेशी धावत येतात, त्यांना न्यूट्रोफिल म्हणतात. हाडांच्या मगजात रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार होतात आणि दिवसभरात मरतात. अल्पायुषी, पण तापट. त्यांच्या पोटात जहाल पाचक रसाच्या पिशव्या असतात. शत्रूवर त्या फोडायच्या आणि स्वतःही मरायचे, हे त्यांचे काम. तिसरी फौज लिम्फोसाइट नावाच्या पेशींची. या उशिरा येतात, पण यांना आठवण असते. एकदा पाहिलेला शत्रू त्या वर्षानुवर्षे विसरत नाहीत. दम्यात आणखी दोघे येतात, मास्ट पेशी आणि इओसिनोफिल. ते खरे तर जंतांशी आणि परोपजीवींशी लढायला असतात.

हे ज्याने प्रथम पाहिले तो रशियातला प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह. १८८२ साली इटलीत मेसिना गावी समुद्राकाठी राहत असताना त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिलात गुलाबाचा काटा टोचला. सकाळी सूक्ष्मदर्शकातून बघतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा घेराव. शरीर स्वतःची राखण स्वतः करते, हा विचार तिथून निघाला. १९०८ साली त्याला पॉल एर्लिक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

इथवर सगळे चांगले आहे. आता वाईट ऐका. छातीच्या बऱ्याचशा आजारांत माणूस जंतूने किंवा धुळीने जितका मरतो, तितकाच स्वतःच्या राखणदारांनी केलेल्या नासधुशीने मरतो. आपल्याकडे म्हण आहे ना, कुंपणच शेत खाते. पीक खाणाऱ्या डुकरामागे दहा माणसे काठ्या घेऊन शेतात धावली, तर डुक्कर पळते, पण ज्वारी कोणी तुडवली?

आधी अचानक येणाऱ्या आजाराचे उदाहरण घेऊ. कोरोना तुमच्यापैकी कोणाला नव्याने सांगायला नको. पहिल्या आठवड्यात ताप-खोकला, आणि आठव्या-दहाव्या दिवशी माणूस एकाएकी धापा टाकायला लागायचा. अशा अनेकांत तोवर विषाणूचा जोर ओसरायला लागलेला असे. जोर चढलेला असे तो फौजेचा. फुग्यांच्या भिंती गळू लागायच्या, हवेच्या जागी पाणी आणि मेलेल्या पेशी साचायच्या. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध. ते जंतू मारत नाही. ते फक्त फौजेला आवरते. श्वासयंत्रावरच्या रुग्णांत त्याने मृत्यू एक तृतीयांशाने घटले, नुसत्या प्राणवायूवर असलेल्यांत एक पंचमांशाने. आणि ज्यांना प्राणवायू लागतच नव्हता त्यांना काहीच फायदा झाला नाही.

या एका चाचणीत दोन धडे आहेत. पहिला, फौज आवरली तर माणूस वाचतो, म्हणजे फौजही मारत होती. दुसरा, फौज बेफाम होण्याआधीच तिला आवरली तर काही मिळत नाही. हा दुसरा धडा आपण २०२१ च्या दुसऱ्या लाटेत विसरलो. पहिल्याच दिवसापासून ज्याने त्याने ही गोळी खाल्ली. साखर वाढली, राखण उठली, आणि म्युकरमायकोसिसची बुरशी नाकाडोळ्यांत शिरली. आपल्या राज्यात किती जणांचे डोळे आणि जबडे काढावे लागले, ते तुम्ही गावागावांत पाहिले आहे. राखणदार बेफाम झाला तरी पीक जाते आणि राखणदाराला झोपवले तरी जाते.

आता आपल्या कापसाकडे येऊ.

कापूस पांढरा दिसतो, पण त्याच्याबरोबर बोंडाच्या भोवतीची वाळलेली पाने, साल, काडीकचरा येतो. या वाळल्या पानांवर जिवाणू वाढतात, विशेषतः दव आणि अवकाळी पाऊस लागला की. जिवाणू मेले तरी त्यांच्या सालीतला एक पदार्थ उरतो, एंडोटॉक्सिन. रेच्यावर कापूस पिंजला जातो तेव्हा हा चुरा हवेत उडतो आणि छातीत जातो. राखणदार पेशीच्या अंगावर या पदार्थाला ओळखणारे एक कुलूपच असते. किल्ली बसली की पेशीला वाटते, जिवंत जिवाणूंचा हल्ला झाला! ती हाकाटी करते, काही तासांत न्यूट्रोफिलची झुंड येते, श्वासनळ्या आवळतात. शत्रू नाहीच, पण लढाई खरी.

हे कुलूप १९९८ साली अमेरिकेत ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने उंदरांत शोधून काढले. २०११ चे नोबेल त्यांना त्यासाठी मिळाले. त्यातली गंमत पाहा. काही उंदरांत हे कुलूप जन्मतः बिघडलेले होते. त्यांना एंडोटॉक्सिन टोचले तरी काही होत नसे. मग हे उंदीर भाग्यवान का? नाही. त्यांना खरेखुरे जिवाणू टोचले की ते पटापट मरत. राखणदार बहिरा असून चालत नाही, तो खोट्या हाकेला धावता कामा नये, एवढेच. आणि खोटी हाक थांबवायची तर धूळ थांबवावी लागते. दुसरा इलाज नाही.

कापसाच्या धुळीच्या या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण अशी: सुट्टीनंतर कामावर गेलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरे वाटते. इंग्लंडात लँकशायरच्या गिरण्यांतले कामगार याला सोमवारचा आजार म्हणत. १९५० च्या दशकात रिचर्ड शिलिंग या डॉक्टरने त्याच्या पायऱ्या ठरवल्या. पुढची पायरी, आठवडाभर त्रास. शेवटची पायरी, काम सोडले तरी सुटत नाही अशी धाप. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांवर पाच वर्षे केलेला अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. त्याच १९८१ साली शांघायमध्ये सूतगिरणीच्या कामगारांची तुलना रेशीम गिरणीच्या कामगारांशी सुरू झाली आणि ती वीस वर्षांहून जास्त चालली. कापसाच्या धुळीतल्यांचा दम दरवर्षी जास्त घसरला. पण धूळ सुटल्यावर काही प्रमाणात तो परतला, आणि विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत अधिक परतला. म्हणजे उशीर झाला तरी धूळ सोडण्याचा उपयोग आहे, हे लक्षात ठेवा.

आता कायद्याची गोष्ट. अमेरिकेने १९७८ साली सूतगिरणीतल्या कापूस-धुळीला मर्यादा घातली; गिरणीवाले कोर्टात गेले आणि १९८१ साली हरले. पण ती मर्यादा सूत काढणाऱ्या गिरणीला आहे, जिनिंगला नाही. आपल्याकडे १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या यादीत बिसिनोसिस घेतला गेला, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या यादीतही तो आहे. ही यादी नोकराची, ज्याला मालक आहे त्याची. जो शेतकरी स्वतःच मालक आणि स्वतःच मजूर, ज्याच्या घरात भाव येईपर्यंत आढ्याला लागेल इतका कापूस भरलेला असतो, आणि त्याच खोलीत पोरेबाळे झोपतात, तो कोणत्या यादीत? आपल्या उत्पादनखर्चात बियाणे धरतात, खत धरतात, बैलाची झीज धरतात. फुप्फुसाची झीज कोण धरतो?

आता कडबा. माझ्या वडिलांच्या आजाराला इंग्रजीत फार्मर्स लंग म्हणतात, म्हणजे चक्क शेतकऱ्याचे फुप्फुस. १९३२ साली इंग्लंडच्या डोंगरी भागात, पावसाने गवत भिजले होते त्या वर्षी, कॅम्पबेल नावाच्या डॉक्टरने त्याची नोंद केली. १९६३ साली जॅक पेपिस आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की कारण आहे ओल्या, तापलेल्या गवतात वाढणारे तेच ॲक्टिनोमायसिटीस. ओला कडबा रचला की गंजी आतून पन्नास-साठ अंशांवर तापते, या जंतूंना हीच ऊब हवी असते. गंजी फोडली की त्यांचे बीज कोट्यवधींनी उडते.

इथे फौज वेगळी आहे. हा लिम्फोसाइटचा, म्हणजे आठवण ठेवणाऱ्यांचा आजार आहे. पहिल्या वर्षी काही होत नाही. पेशी फक्त तोंडओळख करून घेतात. पुढच्या वेळी तीच भुकटी आली की चार ते आठ तासांत थंडी, ताप, कोरडा खोकला, धाप. बीज स्वतः फुप्फुसात रुजत नाही, ते निरुपद्रवी असते. पण पेशींनी त्याच्याशी वैर धरलेले असते, आणि वैर भावकीतल्या बांधाच्या वादासारखे पिढीजात चालते. दर हंगामात जखम, दर हंगामात व्रण. व्रण भरायला येणाऱ्या पेशी तंतू विणतात, आणि फुप्फुस चिवट होत जाते. चोपण जमिनीत जसे पाणी मुरत नाही, तशी त्यात हवा मुरत नाही. तो टप्पा आला की मागे फिरता येत नाही. त्याआधी मात्र सहज फिरता येते, फक्त कारण ओळखले पाहिजे.

धुळीने ताप येण्याचा एक साधा प्रकारही आहे. बुरसटलेले धान्य किंवा कुटार एकदम खूप उपसले की कोणालाही एक-दोन दिवस अंग मोडून ताप येतो आणि जातो. त्यात न्यूट्रोफिलची झुंड असते, आठवणीचे वैर नसते. पण दर वेळी होत असेल, थोड्या धुळीनेही होत असेल, वजन घटत असेल, तर ते साधे नाही.

आणि हा आजार फक्त कडब्याचा नाही. देशभरातल्या २७ केंद्रांतून १,०८४ रुग्णांची नोंद करून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या तंतूंच्या आजारांत जवळजवळ ४७ टक्के रुग्ण या वैर-धरण्याच्या प्रकारातले निघाले, आणि त्यांतल्या सुमारे निम्म्यांच्या घरी कुलर होता. आपल्याकडे मार्च लागला की गेल्या वर्षीचे तेच गवत असलेला कुलर आपण झटकून चालू करतो. त्या गवतात आणि साचल्या पाण्यात काय वाढते, हे आता सांगायला नको.

मायबहिणींनो, आता तुमच्या चुलीबद्दल. पऱ्हाटी आणि तुरीच्या काड्या जाळणारी चूल आणि बंद घर. रोजचा धूर. इथे आजार ताप आणून सांगत नाही, चोरपावलाने येतो. धुराने राखणदार पेशी चिडलेल्या राहतात आणि दमतातही. हाक चालू राहते, न्यूट्रोफिल येत राहतात, मरत राहतात. आणि मेलेल्यांची मढी उचलण्याचे राखणदाराचे कामही नीट होत नाही. त्या मढ्यांतून पाचक रस सांडतो. त्यातला इलास्टेज नावाचा रस फुग्याची लवचीक भिंतच विरघळवतो. मारक लिम्फोसाइटही भर घालतात. लहान लहान फुगे फुटून मोठ्या पोकळ्या होतात. माणसाला श्वास घेता येतो, सोडता येत नाही. याला सीओपीडी म्हणतात. तरुणपणी विडी न ओढलेली बाई पंचावन्नाव्या वर्षी नळावरून घागर आणताना दोनदा बसते, आणि आपण म्हणतो, वय झाले. वय नाही झाले. चूल झाली.

हे विरघळणे कसे सापडले? १९६३ साली स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिकसन यांना पाच माणसांच्या रक्तात एक नेहमीचे प्रथिन नसल्याचे दिसले. त्यांतल्या तिघांना फुप्फुसाच्या पोकळ्यांचा आजार होता. ते प्रथिन म्हणजे इलास्टेजला लगाम घालणारे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. लगाम नसला की स्वतःच्याच फौजेचा रस फुप्फुस खातो, हे तिथे उघडे पडले. आपल्यापैकी बहुतेकांना लगाम आहे. पण रोजच्या धुरापुढे तो कमी पडतो. धूर थांबल्यावरही ही आग बऱ्याच काळ आत धुमसत राहते, पण दम घसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून कोणत्याही वयात विडी सोडणे आणि धूर घराबाहेर काढणे फुकट जात नाही.

शेवटचा आजार, क्षय. इथे राखणदार जंतूला गिळतो खरा, पण मारू शकत नाही. जंतू त्याच्याच पोटात बिऱ्हाड करतो. मग लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज मिळून त्याच्याभोवती गाठ बांधतात, गढीला वेढा घालावा तसा. अनेकांत हा वेढा जन्मभर टिकतो आणि आजार होत नाही. वेढा उठतो कधी? उपासमारीत, मधुमेहात, एचआयव्हीत, विडीने, आणि गावोगाव दिल्या जाणाऱ्या त्या 'ताकदीच्या' सुईने आणि गोळीने. कोणतीही दुखणी एका दिवसात पळवणारी ती गोळी बहुधा स्टेरॉइड असते. दम्याच्या रुग्णाने डॉक्टरच्या सांगण्याने ओढायचे औषध वेगळे. ते थेट श्वासनळीत जाते, मात्रा लहान असते, आणि दम्याच्या इओसिनोफिलवर ते चांगले चालते. ते सोडू नका. पण महिनोन्महिने न विचारता गिळलेली गोळी वेढा घालणारी फौजच घरी पाठवते.

आता करायचे काय? मी पिकाचा माणूस आहे, उपाय शेतापासून सांगतो.

कडबा वाळल्याशिवाय रचू नका. पेंढ्या दोन-चार दिवस उभ्या लावा, गंजी दगड-लाकडांवर, जमिनीपासून उंच, वरून झाकलेली. भिजलेला, बुरसटलेला भाग वेगळा काढा. तो खतात घाला, गोठ्यात नको. बुरसटलेली पेंढी फोडावीच लागली तर उघड्यावर, वारा पाठीशी ठेवून, थोडे पाणी शिंपडून. मळणी यंत्रावर भुशाचे तोंड वाऱ्याच्या दिशेला करा आणि माणसे बदलून लावा, एकालाच दिवसभर नको. दुपट्टा तोंडाला बांधता तो जाड धूळ अडवतो, बारीक नाही. त्यासाठी दोन पट्ट्यांचा, नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. कापूस दव उतरल्यावर वेचा, पाला-कचरा कमी येऊ द्या. भावही बरा मिळतो आणि धूळही कमी. कापूस भरलेल्या खोलीत झोपू नका, निदान लहान मुले तरी झोपवू नका. कुलरचे गवत दरवर्षी बदला, पाणी रोज काढा. उज्ज्वला योजना २०१६ साली आली; सिलिंडर भरायला पैसे नसतील तेव्हा चूल पेटणारच, पण ती ओसरीत, उघड्यावर पेटवा, किंवा धुराडे काढा. ही बाईची सोय नाही, बाईचे आयुष्य आहे.

फवारणीचे विष मी यात मिसळलेले नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना माणसे गेली, तो मज्जातंतूंवर चालणाऱ्या विषांचा विषय आहे आणि त्यावर वेगळी बैठक घेऊ.

आणि दवाखान्यात गेलात तर पाच गोष्टी स्वतःहून सांगा. काम काय करता. त्रास कोणत्या महिन्यात होतो. कामानंतर किती तासांनी होतो. गाव सोडून चार दिवस पाहुण्याकडे गेलात तर बरे वाटते का. घरात चूल, कुलर, कबुतरे, कडबा काय काय आहे. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, ती फुकट तपासतात. पण थुंकीत जंतू नसेल आणि औषधाने गुण येत नसेल, तर फुंकून दम मोजण्याची तपासणी मागा.

इटलीत बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाचा वैद्य होऊन गेला. १७०० साली त्याने कामकऱ्यांच्या आजारांवर पहिले मोठे पुस्तक लिहिले. धान्य चाळणाऱ्यांची धाप आणि ताग पिंजणाऱ्यांचा खोकला त्यात आहे. त्याने सांगितले की रोग्याला वैद्य जे प्रश्न विचारतात, त्यांत आणखी एक घाला: तुझा धंदा काय? त्याला सव्वातीनशे वर्षे झाली. माझ्या वडिलांना तो प्रश्न बारा वर्षे कोणी विचारला नाही.

म्हणून या बैठकीपुढे मी एक साधा ठराव ठेवतो. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दम मोजण्याचे यंत्र आणि ते चालवणारा माणूस असावा, आणि केसपेपरवर 'व्यवसाय' या रकान्यात नुसते 'शेती' न लिहिता कोणते काम, कोणती धूळ हे लिहिले जावे. यंत्र काही लाखांचे धरण नाही की निधीसाठी वीस वर्षे थांबावे.

ठराव मंजूर होवो न होवो, आज घरी गेल्यावर एक करा. कडब्याच्या गंजीत हात घालून बघा. आतून गरम लागला, तर उद्या सकाळी म्हाताऱ्या बापाला ती फोडायला पाठवू नका.

एवढे बोलून मी थांबतो.